टॉवर किती उंच हे नंतर, आधी किती जाड ते विचारा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की शहराच्या मध्यवर्ती भागात शेजारी शेजारी दोन ऑफिस टॉवर येऊ घातलेत, एक तीसेक मजली आणि दुसरा अठ्ठेचाळीस, आणि लोकांत दोन तट पडलेत. एक तट म्हणतो एवढे उंच नकोतच, वीस-बावीसवर थांबवा. दुसरा म्हणतो उलट अजून चढवा, शहराला चेहरा येईल. डिझाइन मात्र दोघांनाही आवडलेलं नाही, "काचेचे डबे" एवढंच त्यावर मत. हरकती-सूचनांची मुदत चालू आहे आणि बोलायचं तर कशावर बोलायचं हे तुम्हाला ठरवायचंय. मी आर्किटेक्ट आहे, डेव्हलपरच्या बाजूनेही टेबलावर बसलोय आणि असे प्रस्ताव तपासणाऱ्या कमिटीतही, त्यामुळे दोन्हीकडून हा खेळ कसा चालतो ते बऱ्यापैकी माहितीये.

माझं मत आधीच सांगून टाकतो, मजल्यांच्या आकड्यावर भांडणं म्हणजे साप सोडून भुई धोपटणं आहे. फुटपाथवरून चालणाऱ्या माणसाला त्रास होतो तो टॉवरच्या जाडीचा, खालच्या पंधरा-वीस मीटरचा आणि आत किती माणसं येणार त्याचा. उंची या तिन्हींच्या फार मागे येते, काही ठरावीक ठिकाणं सोडली तर, ती पुढे सांगतो.

आणि डेव्हलपरला हे पक्कं ठाऊक असतं. त्याला बेचाळीस मजले हवे असतात तेव्हा तो अठ्ठेचाळीस मागतो, मग सुनावणीत आरडाओरडा होतो, सहा मजले "लोकांच्या भावनांचा आदर करून" कमी होतात, पेपरात फोटो येतो, सगळे खूश. त्या गडबडीत तळमजल्याचा नकाशा कोणी उघडून बघितलेलाच नसतो. उंची ही घासाघिशीसाठी मुद्दाम पुढे ठेवलेली गोष्ट असते बऱ्याचदा, कारण ती कमी करायला सगळ्यात सोपी.

आता जरा हिशेब करू, कारण याच्याशिवाय बाकी सगळं हवेत आहे. समजा प्लॉट ४,००० चौरस मीटरचा आणि एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधकाम करता येतं तो आकडा, १२. म्हणजे बांधकाम ४८,००० चौरस मीटर, ते काही बदलत नाही, हक्काचं आहे. एका मजल्याचं क्षेत्र २,४०० ठेवलं तर २० मजले होतात, १,६०० ठेवलं तर ३०, आणि १,२०० ठेवलं तर ४०. ऑफिसचा मजला तळापासून तळापर्यंत साधारण ४ मीटर धरा, म्हणजे ८० मीटर, १२० मीटर आणि १६० मीटर. पहिल्यात प्लॉटचा साठ टक्के भाग झाकला जातो, शेवटच्यात तीस. आत काम करणारी माणसं तिन्हीत सारखीच, गाड्या तितक्याच, मेट्रोच्या दारातली गर्दी तितकीच. म्हणून "उंच टॉवर आला की ट्रॅफिक वाढेल" हा मुद्दा लिहिताना जपून, ट्रॅफिक एफएसआयने वाढतं, उंचीने नाही. ट्रॅफिकवर हरकत घ्यायची असेल तर एफएसआयवर घ्या, आणि पार्किंग किती देताहेत त्यावर घ्या, कारण पार्किंग जितकं जास्त तितक्या गाड्या जास्त, हे उलटं वाटतं पण तसंच आहे.

म्हणजे एफएसआयला हात न लावता "उंची कमी करा" म्हटलं की तुम्ही प्रत्यक्षात "जाड करा" म्हणताय. आगीतून फुफाट्यात. रस्त्याच्या कडेला साठ-सत्तर मीटर लांब सलग भिंत मिळते आणि आकाश दिसायचं तेही बंद होतं.

मग डेव्हलपर सडपातळ टॉवर का नाही बांधत, तर ऑफिसला ते परवडत नाही. निवासी टॉवर काडीसारखा होऊ शकतो, ऑफिसचा नाही. मोठ्या कंपन्यांना एका मजल्यावर साधारण १,५०० ते २,५०० चौरस मीटर हवं असतं म्हणजे सगळी टीम एकत्र बसते. शिवाय मधला कोअर, म्हणजे लिफ्ट, जिने, टॉयलेट, डक्ट, हा उंचीबरोबर फुगत जातो. लिफ्टचं गणित असं असतं की दर १२-१५ मजल्यांमागे एक वेगळा ग्रुप लागतो, खालच्यांचा, मधल्यांचा, वरच्यांचा, आणि वरच्या ग्रुपच्या लिफ्ट खालच्या सगळ्या मजल्यांतून न थांबता नुसत्या जातात पण जागा खातातच. त्यामुळे उंची वाढते तशी भाड्याने देता येणारी जागा टक्केवारीत घटत जाते. वर वाऱ्याचा प्रश्न, उंची दुप्पट केली तर बाकी सगळं तसंच ठेवून वाऱ्याने होणारं वाकणं सोळा पट होतं, म्हणून स्टील आणि काँक्रीट नुसतं मजल्यांच्या हिशेबात वाढत नाही, त्याहून वेगाने वाढतं. इंजिनियर फझलूर खान यांनी शिकागोत ट्यूब पद्धतीची, म्हणजे बाहेरच्या बाजूचे खांब मिळून पोकळ नळीसारखं काम करतील अशी, स्ट्रक्चर काढली ती हीच उंचीची जादा किंमत कमी करायला, ४४२ मीटरचा सिअर्स टॉवर त्यातूनच उभा राहिला. सांगायचा मुद्दा, ऑफिस टॉवर हौसेने फार वर जात नाही, पैसा त्याला आधीच थांबवतो. कोणी त्याच्याही पलीकडे जात असेल तर तो भाड्यासाठी नाही, नावासाठी जातोय असं समजा.

आता उंची कमी केल्याने काय होतं याचं खरं उदाहरण, लंडनचं २० फेनचर्च स्ट्रीट, लोक त्याला वॉकी-टॉकी म्हणतात. हा आधी जवळपास २०० मीटरचा प्रस्तावित होता. सेंट पॉल कॅथेड्रल आणि टॉवर ऑफ लंडनच्या दृश्याला बाधा येते म्हणून ओरड झाली आणि तो १६० मीटरवर आणला. विरोध करणारे जिंकले म्हणायचं. पण वरचे मजले जास्त भाड्याने जातात म्हणून इमारत वर जाताना फुगत जाते हा आकार तसाच राहिला, आणि दक्षिणेकडची काच आतल्या बाजूला वळलेली. २०१३ मध्ये त्या काचेने ऊन एकवटून खाली पार्क केलेल्या एका गाडीचे भाग वितळवले, मग वरून आडव्या पट्ट्या बसवाव्या लागल्या. खालच्या रस्त्यावर वाऱ्याच्या तक्रारी आल्या त्या वेगळ्याच, आणि २०१५ मध्ये ब्रिटनमधल्या सगळ्यात वाईट नव्या इमारतीला देतात तो कार्बंकल कप याला मिळाला. त्याच भागात १८० मीटरचा गर्किन उभा आहे, वीस मीटरने उंच, खाली निमुळता, गोल असल्याने वारा बाजूने निघून जातो, पायथ्याशी मोकळी जागा, आणि लोक त्याचे फोटो काढतात. वॉकी-टॉकीचे चाळीस मीटर कमी करून घेतले, आकाराला हात लावला नाही, काय मिळालं?

तरी उंचीला कुठेच अर्थ नाही असं मी म्हणत नाही. विमानतळाचा उड्डाणमार्ग असेल तर चर्चाच नाही, तिथे आकडा ठरलेला असतो. जुन्या वास्तूचं दृश्य जपायचं असेल तर उंची हाच मुद्दा असतो, पण तो ठरावीक जागेवरून ठरावीक दिशेला, सरसकट नाही. व्हँकुव्हरने १९८९ पासून डोंगर दिसावेत म्हणून दृश्याचे पट्टेच आखून ठेवलेत, त्या पट्ट्यात इमारत घुसवायची नाही, बाहेर जा वर. लंडनचा लेडनहॉल टॉवर, २२५ मीटरचा, त्याची एक पूर्ण बाजू फ्लीट स्ट्रीटवरून सेंट पॉल दिसत राहावं म्हणून तिरपी कापलीये, आणि त्यातूनच त्याला ओळख मिळाली. बंधन नीट लिहिलं तर डिझाइन सुधारतं ते असं. याउलट पॅरिस, १९७३ मध्ये माँपार्नास टॉवर झाला, २१० मीटर, शहर इतकं चिडलं की १९७७ मध्ये ३७ मीटरची मर्यादा आली, पुढे ती काही ठिकाणी सैल केली आणि २०२३ मध्ये परत घट्ट केली. पॅरिसला ते चालतं कारण अख्खं शहर एका उंचीचं आहे आणि ऑफिस टॉवरसाठी हद्दीबाहेर ला देफाँस आहे. तुमच्याकडे तशी बाहेरची जागा ठरवलीये का, नसेल तर नुसती पॅरिसची मर्यादा उचलून उपयोग नाही.

सावलीबद्दल लोक फार ठामपणे बोलतात आणि बहुतेक वेळा अर्धवट बोलतात. चाळीस अक्षांशाच्या आसपासच्या शहरात डिसेंबरच्या मध्यान्ही सावली उंचीच्या दुप्पट पडते, म्हणजे १६० मीटरची ३२० मीटर, हे ऐकायला भयंकर वाटतं. पण सावली फिरते. पस्तीस मीटर रुंद टॉवरची सावली अडीचशे मीटरवरच्या बाकावर साधारण अर्धा तास थांबते आणि पुढे सरकते. साठ मीटर रुंद ठेंगणी इमारत दीडशे मीटरवरच्या बाकावर दीड तास बसते. उंच टॉवर जास्त ठिकाणी थोडा थोडा वेळ, जाड इमारत कमी ठिकाणी पण ठिय्या मारून. जवळ बाग असेल तर तिच्या बाबतीत हा फरक फार मोठा आहे. सॅन फ्रान्सिस्कोने १९८४ मध्ये मतदानाने नियमच केला की ४० फुटांहून उंच नव्या इमारतीने सार्वजनिक बागेवर दखल घ्यावी इतकी नवी सावली टाकायची नाही. तुमच्याकडे असा नियम नसला तरी तासातासाचा सावलीचा नकाशा मागता येतो, संपातदिनाचा (दिवस-रात्र सारखी असते तो) आणि हिवाळ्यातल्या सगळ्यात छोट्या दिवसाचा, दोन्ही मागा. फक्त जूनचा दिला असेल तर समजून जा. (विषुववृत्ताजवळच्या शहरात हा मुद्दा घेऊ नका, तिथे फुटपाथवर सावली हवीच असते.)

वारा मात्र खरंच गंभीर आहे आणि त्यावर हरकती सगळ्यात कमी येतात, कारण चित्रात तो दिसत नाही. वर वारा जोरात असतो, तो टॉवरच्या सपाट चेहऱ्यावर आदळतो आणि बराचसा भाग खाली घसरत फुटपाथवर येतो, मग कोपऱ्यावरून वेगाने वळतो. इंग्लंडमधल्या लीड्सला ब्रिजवॉटर प्लेस म्हणून इमारत आहे, ११२ मीटर म्हणजे काही फार नाही, तिथे २०११ मध्ये वाऱ्याने लॉरी उलटून एक माणूस गेला, आणि पुढे रस्त्यावर वारा अडवायला मोठे पडदे उभारावे लागले. उपाय महाग नसतात जर आधी केले तर, खाली रुंद पोडियम, म्हणजे पायथ्याचा ठेंगणा भाग, ठेवून टॉवर आत सरकवला की घसरलेला वारा पोडियमच्या छतावर पडतो, दारावर छत, कोपरे गोल किंवा कापलेले. कोपऱ्यांची ताकद किती ते बघा, तैवानच्या तैपेई १०१ टॉवरच्या कोपऱ्यांना करवतीसारखे दाते दिले तर वाऱ्याचा जोर साधारण पाव हिश्श्याने उतरला. तुमच्याकडे तर दोन टॉवर शेजारी आहेत, म्हणजे मधल्या फटीत वारा दाबून जाणार. विंड टनेलचा, म्हणजे छोटी प्रतिकृती कृत्रिम वाऱ्यात ठेवून केलेल्या चाचणीचा, रिपोर्ट मागा आणि त्यात दोन्ही टॉवर एकत्र ठेवून चाचणी केली होती का ते बघा. दोन वेगळे डेव्हलपर असले की प्रत्येक जण दुसऱ्याचा प्लॉट रिकामा धरून रिपोर्ट काढतो, हे मी पाहिलेलं आहे, आणि कागदोपत्री त्यात चूकही काढता येत नाही.

आता तळमजला, माझ्या मते निम्मी हरकत इथेच लिहायला हवी. तळमजल्याच्या नकाशाची प्रिंट काढा आणि रंगीत पेन घेऊन बाहेरच्या कडेने फिरा. दुकान, कॅफे, लोकांचं दार, आरपार दिसणारी लॉबी तिथे हिरवी रेघ. पार्किंगचा रॅम्प, ट्रक आत घ्यायचा लोडिंग बे, ट्रान्सफॉर्मरची खोली, जनरेटरच्या हवेच्या झडपा (लूव्हर), फायर कंट्रोल रूम, कचऱ्याची खोली, तिथे लाल. हे सगळं लाल लागतंच, इमारत त्याशिवाय चालत नाही, प्रश्न ते कुठल्या रस्त्याला तोंड करून आहे हा. मुख्य रस्त्यावर निम्म्याहून जास्त लाल आलं तर वरचा टॉवर कोणीही डिझाइन केलेला असू दे, तो रस्ता संध्याकाळी सातनंतर मेला. आणि लॉबीला हिरवं देताना हात आखडता घ्या, तीस मीटर लांब संगमरवरी लॉबी, आत एक रिसेप्शनिस्ट आणि एक सोफा, बाहेरून चालणाऱ्याला तिचा काय उपयोग? पार्किंग जमिनीवरच्या चार-पाच मजल्यांत कोंबलं असेल तर बघायलाच नको, डोळ्यांच्या उंचीपासून वीस मीटरपर्यंत नुसती जाळी. माझं वैयक्तिक मत विचाराल तर जमिनीवरच्या पार्किंगच्या मजल्यांसाठी मी पूर्ण प्रस्ताव परत पाठवेन, उंचीसाठी नाही.

"सार्वजनिक प्लाझा देतो, त्या बदल्यात जादा मजले द्या" अशी ऑफर येईलच, नसेल आली तर येईल. याचा इतिहास असा. न्यूयॉर्कमध्ये १९१५ मध्ये इक्विटेबल बिल्डिंग झाली, एकरभर जागेवर सरळ भिंती नेत ३८ मजले, एफएसआय जवळपास ३०. त्याच्या पुढच्याच वर्षी १९१६ चा झोनिंग कायदा आला, वर जाताना पायऱ्या पायऱ्यांनी मागे सरका म्हणणारा, फक्त प्लॉटच्या पंचवीस टक्के भागावर कितीही उंच जायची मुभा. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीच्या माणसांना कळलं होतं की अडचण जाडीची आहे. मग १९५८ मध्ये आर्किटेक्ट मीस व्हॅन डर रोहने सीग्राम बिल्डिंग रस्त्यापासून मागे घेतली, पुढे मोकळा चौक सोडला, तो सगळ्यांना इतका आवडला की १९६१ च्या नियमात दाट भागात प्लाझाच्या एका फुटामागे दहा फूट जादा बांधकाम मिळायला लागलं. झालं, प्रत्येकाने मागे सरकून एक ओसाड फरशी सोडली, बसायला जागा नाही, झाड नाही, काठावर लोकांनी बसू नये म्हणून टोकदार सळ्या. शहरात लोक कसे वावरतात याचा अभ्यास करणाऱ्या विल्यम व्हाइटने नंतर या चौकांमध्ये कॅमेरे लावून बघितलं तर निष्कर्ष काय, लोक तिथे बसतात जिथे बसायला जागा असते. १९७५ मध्ये नियम बदलून बसायची सोय सक्तीची केली. तेव्हा प्लाझा घ्या, पण बाक किती मीटर, झाडं किती, रात्री किती वाजेपर्यंत उघडा, गेट लावायचं नाही, हे लेखी घ्या.

डिझाइनवर बोलायचं तर "काचेचा डबा आहे" ही हरकत कमिटीत एका मिनिटात निकाली निघते, आवडनिवड म्हणून. मोजता येईल असं बोला. काचेतून उष्णता किती आत येते, बाहेर परावर्तन किती टक्के, वाकलेली काच दक्षिणेकडे किंवा पश्चिमेकडे आहे का, असेल तर झळाळीचा अभ्यास कुठाय. चेहऱ्याला खोली किती आहे हेही विचारा, म्हणजे काचेच्या पुढे उभी पट्टी किंवा छज्जा किती मिलीमीटर बाहेर येतो. पन्नास मिलीमीटर असेल तर लांबून ती इमारत सपाट पत्र्यासारखीच दिसणार, दीडशे-दोनशे असेल तर उन्हात सावलीच्या रेघा पडतात आणि भिंतीला जीव येतो. नकाशात हा आकडा असतोच, कोणी विचारत नाही.

डोक्यावरचा भागही बघा. मजले आणि मीटर ही दोन वेगळी भाषा आहे. न्यूयॉर्कच्या २७० पार्क अव्हेन्यूला आधीची इमारत ५२ मजली, २१६ मीटर होती, ती पाडून २०२५ मध्ये उघडली ती ६० मजली आहे आणि उंची ४२३ मीटर. आठ मजले जास्त, उंची जवळजवळ दुप्पट. तेव्हा प्रस्तावातला आकडा छतापर्यंतचा आहे, मशिनरीच्या मजल्यांसकट आहे की वरच्या सुळक्यासकट, हे एका ओळीत स्पष्ट करून घ्या. सुळका काढून टाकणं ही सगळ्यात स्वस्त माघार असते, "तीस मीटर कमी केले" म्हणून सांगायला बरी.

आणि प्रस्तावासोबतची ती सुंदर चित्रं. सगळी संध्याकाळची, आतून दिवे लागलेले, आकाश जांभळं, कॅमेरा कुठेतरी तिसऱ्या मजल्याच्या उंचीवर आणि लेन्स इतकी वाइड की समोरचा रस्ता मैदान वाटावा. दुपारी बाराचं, समोरच्या फुटपाथवरून, माणसाच्या डोळ्याच्या उंचीवरून, शेजारच्या खऱ्या इमारतींसकट काढलेलं चित्र मागा. नाही म्हणाले तर तो नकारच हरकतीत नोंदवा.

तुमच्या दोन टॉवरपैकी तुम्ही दिलेल्या वर्णनावरून मला अठ्ठेचाळीसवाल्याची कमी काळजी वाटते, कारण तो प्लॉटच्या पस्तीसेक टक्क्यांवर बसतोय आणि पार्किंग जमिनीखाली आहे. तीसवाला जवळजवळ सगळा प्लॉट व्यापतोय आणि पहिले चार मजले पार्किंग, त्याच्यावर कोणी बोलतच नाहीये कारण तो "लहान" आहे. हरकत त्याच्यावर लिहा.

दोन्हींसाठी परवानगीच्या अटींत एक गोष्ट घालायला लावा, नाहीतर वरचं सगळं कागदावर राहील. मंजुरी मिळाल्यावर खर्च कापायची फेरी होते आणि त्यात पहिला बळी काच आणि पट्ट्यांचा जातो, दोनशे मिलीमीटरची पट्टी गुपचूप साठची होते. म्हणून काचेचा प्रकार, पट्टीची खोली, पोडियमचा दगड, हे सगळं मंजूर नकाशाचा भाग म्हणून नोंदवायचं, आणि ऑर्डर देण्याआधी साइटवर एका मजल्याएवढा खराखुरा नमुना, कोपऱ्यासकट, उघड्यावर उभा करायचा, कमिटीने तो भर उन्हात आणि ढगाळ दिवशी असा दोनदा बघायचा, आणि बदल करायचा असेल तर परत सुनावणी.